दोनशे चौदा

फैजपूरला आमच्या घरी बिबड्यांचा दिवस
पंचांगात नसतो.
फुईला ज्या पहाटे तीनला जाग येते, तो दिवस.
परसात चूल पेटली, ज्वारीचा घाटा बुडबुडू लागला,
आणि ती जिन्याशी उभी राहून सगळ्यांची नावं घेत सुटली,
वारलेल्यांचीसुद्धा, एका दमात.

मी आदल्या रात्रीच जळगावहून आलो होतो.
शर्टाच्या खिशात पाइप कंपनीचं पत्र, चार घड्यांचं.
एकोणीस वर्षं, दीड ओळ,
आणि खाली जांभळा गोल शिक्का.
एसटीत तापीच्या पुलापर्यंत वाक्य जुळवत होतो.
पुलानंतर तेही सुटलं.

"धर," म्हणत फुईनं घाट्याची वाटी हातात दिली.
वर कच्चं तेल, तिखट, चार तीळ.
तोंड भाजलेल्या माणसाला
बातमी सांगता येत नाही.

गच्चीभर ओली लुगडी अंथरलेली.
मधोमध आईचं, अंजिरी काठाचं.
तिला जाऊन सहा वर्षं झाली,
उन्हाळ्यात ते एकदा बाहेर येतंच.
वहिनी थापत होती, नलू थापत होती,
दादा पातेलं घेऊन आडवा आडवा जिना चढत होता,
स्टेंट बसल्यापासून तो तसाच चढतो.
त्याच्या गोळ्या वहिनीच्या पदराच्या गाठीत.
"भाऊजी, तुमच्या बिबड्याला पाय फुटले,"
ती मला म्हणाली, आणि हसताना
तिचा ओला हात तिच्याच कपाळाला लागला.

पत्र कधी पडलं, कळलं नाही.
फुईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू.
तिला ते लुगड्याचं ठिगळ वाटलं असणार.
तिनं त्यावर व्यवस्थित, गोल,
एक बिबडं थापलं.

दिवसभर ऊन असं, की कावळेही सावलीतूनच पाळत ठेवून.
केतकी काठी घेऊन राखणीला,
आणि अर्धवट वाळलेली पाच-सहा तिच्याच पोटात.

संध्याकाळी सोलताना एकाबरोबर कागद निघाला.
अक्षरं लगद्यात गेली होती,
पण बिबड्यावर शिक्का उमटला होता,
उलटा, जांभळा, स्पष्ट.

"काऊन रे, हे कोनाचं?"

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं.
नलूनं एकच विचारलं, "कधी मिळालं?"
"आठ दिवस झाले."
ती रागावली ती त्या आठ दिवसांवर.
नोकरीचं तिनं नावही काढलं नाही.
दादा म्हणाला, "मग माझ्या गोळ्यांचे पैसे
आता तू देऊ नको,"
आणि दिवसातलं खरं भांडण तिथं झालं:
नलू त्याच्यावर ओरडली, वहिनी नलूवर,
केतकी रडली, खाली शेजारच्या भारंबेकाकू
चहाचा कप घेऊन अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

फुईनं मोजणी सोडली नव्हती.
"दोनशे बारा. दोनशे तेरा."
शिक्क्याचं बिबडं तिनं चांगल्या डोळ्याशी नेलं.
"दोनशे चौदा. एक खराब," म्हणाली.
"तिखट जास्त पडलं असतं,
तं सगळाच घाना गेला असता."

मला म्हणायचं होतं, फुई, घराचा हप्ता आहे,
केतकीची फी आहे, माझं वय सत्तेचाळीस आहे.
ते सगळं होतंच. सोमवारीही असणार होतं.
पण तिनं तोवर डबा पुढं केला होता,
आणि डबा भरताना दोन्ही हात लागतात.

रात्री गच्चीवर ओळीनं झोपलो.
दादाची टाच माझ्या पिंडरीवर,
लहानपणी पडायची तशीच, जड.
मी काढली नाही.

खराब बिबडं फुईनं कठड्यावर ठेवलं होतं, कावळ्यांसाठी.
सकाळी पाहिलं तर त्यांनी कडेकडेनं सगळं खाल्लं होतं.
शिक्का तेवढा
ठेवला होता.